माळ्यावरचे फटाके

कन्हेरी, ११ ऑक्टोबर १९९४

ती. सोपानदादांस द्वारकेचा शि. सा. न. वि. वि.

आमी सगळी बरी हाय. वहिनींचा गुडघा कसा हाय? चांगली डाळिंबं व्यापाऱ्याला अन् डागाळलेली बहिणीला, ही तुमची रीत यंदा तरी मोडा.

पत्राचं कारण वेगळंच. ह्यांनी दिवाळीला बारामतीत फटाके विकायचं घेतलंय. माल आणून माळ्यावर भरलाय, खाली माझी चूल. परवाना काढा म्हटलं, तर म्हणाले, चार दिवसांच्या धंद्याला कचेरीचे हेलपाटे कोण घालणार. शेजारच्या भामाबाईंनी टोकलं, तर त्यांनाही हसण्यावारी नेलं. आमची लेक निकिता त्याच खोलीत खेळती. माझा जीव थाऱ्यावर न्हाय. तुमी येऊन सांगा.

लोभ हाय तसाच असू द्या.
तुमची द्वारका

अंथुर्णे, २० ऑक्टोबर १९९४

चि. सौ. द्वारकेस दादाचे अ. उ. आ.

परवा तू भाकरी थापत होतीस, तेव्हा ओसरीवर दाजींशी बोललो. परवाना न्हाय तर माल परत करा, राहत्या घरात ठेवणं कायद्यात बसत न्हाय, ट्रॅक्टर मी देतो, असं स्पष्ट सांगितलं. या आठवड्यात परत धाडतो म्हणाले. शब्द दिलाय. तोवर चूल अंगणात मांड. पोरीला माळ्याखाली फिरकू देऊ नको.

वहिनी तुझी आठवण काढती. जपून राहा.
सोपानदादा

बारामती, १० नोव्हेंबर १९९४

ती. दादांस शि. सा. न.

तुमी दवाखान्यात आला तेव्हा सांगायचं राहिलं, ते लिहिते. माल परत गेलाच न्हवता. वसुबारसेला लाईट गेली, तर हे रॉकेलची चिमणी घेऊन माळ्यावर चढले. मी अंगणात चुलीपाशी होते. निकिता कधी आत गेली, कळलंच न्हाय. पहिला आवाज झाला तशा भामाबाई धावल्या. त्यांनी पोरीला दारातून बाहेर ढकललं. त्यांना मात्र निघता आलं न्हाय.

ह्यांचे हात भाजलेत. निकिताचे दोन्ही डोळे गेले, डॉक्टरांनी काल सांगितलं. ती विचारती, पट्टी कधी काढणार.

आता पोलीस जबाब घेणार. सासूबाई म्हणतात, चिमणी भामाबाईंनीच आत नेली असं सांग, मेलेल्या माणसाला काय शिक्षा होणार. ह्यांनीही तेच विनवलं. दादा, मी काय करू?

तुमची द्वारका

अंथुर्णे, १४ नोव्हेंबर १९९४

चि. सौ. द्वारकेस आ.

मी दाजींना कायदा सांगितला होता, आणि आता मीच तुला हे लिहितोय. पण दाजी आत गेले तर आंधळ्या पोरीला घेऊन तू कुठं जाशील? घरचे म्हणतात तसंच सांग. देव बघून घेईल.

तुझा दादा

कन्हेरी, २ डिसेंबर १९९४

ती. दादांस शि. सा. न.

तुमी सांगितलेलं माझ्याच्यानं झालं न्हाय. जमादारांनी विचारलं, चिमणी कोणी नेली. भामाबाईंचं नाव जिभेवर आलं, पण बाहेर पडंना. आमच्या मालकांनी, असं सांगितलं.

ह्यांना नेलं. सासूबाईंनी माझं बोचकं उंबऱ्याबाहेर ठेवलं. भामाबाईंच्या घरी गेले, खरं काय ते सांगितलं. त्यांच्या लेकानं, गेणबानं, सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. त्याचं काय चुकलं?

सध्या देवळाच्या ओवरीत आहोत. निकिता माझा पदर सोडत न्हाय. फटाके वाजून संपले का, असं अजून विचारती.

तुमच्याकडं येऊ का, हेही विचारायचा धीर होत न्हाय. लोभ असू द्या, एवढं लिहायला बसले, पण तेही कोणत्या तोंडानं लिहू?

द्वारका