चार गुणांची सूट

प्रिय आप्पा,

तुमचं वर्षश्राद्ध गुरुवारी झालं, आणि सोमवारी तुमच्याच शाळेत मी पी.टी. मिस म्हणून थ्रोबॉलचे सामने सुरू केले. तुम्ही निवृत्त झाल्यावर बंद पडले होते ना, तेच. म्हणून लिहितेय. म्हणजे, हे कारण अर्धंच खरं. उरलेलं सांगायला धीर गोळा करतेय.

तुमची पद्धत मोडली नाही हं! आधी आठवडाभर सगळ्या संघांचा सराव बघायचा, मग दुबळ्या संघाला आधीच गुणांची सूट देऊन स्पर्धा लावायची. "तगड्यांनी दुबळ्यांना धुऊन काढलं, तर त्यात बघायचं काय?" असं म्हणायचात. हेडमास्तर म्हणाले, कशाला ही कटकट? मी ऐकते होय! तुमचीच लेक.

आता ऐका. नववीत असताना त्या सरावाच्या आठवड्यात मी मुद्दाम चेंडू सोडले. पाच-सहा वेळा. संघातल्या पोरींनाही शिकवलं, हात सैल ठेवा गं. आम्हाला चार गुणांची सूट मिळाली आणि अंतिम सामना आम्ही दोन गुणांनी जिंकलो. समोर सेल्वीचा संघ होता, रोज सकाळी येऊन सराव करणाऱ्या मुली. सेल्वी नळापाशी उभी राहून रडत होती, आणि मी चषक घेऊन नाचत होते. लाज वाटते हो, आप्पा.

आईनं त्या दिवशी गोडाचं पायसम केलं. मैदानावर तमिळमध्ये गरजणारे तुम्ही घरी येऊन मराठीत कौतुक कराल, असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "हात धू, जेवायला बस." बस, एवढंच. मला वाटलं, दमला असाल. केवढी शहाणी मी!

काल सरावात आठवीतल्या कयलनं अगदी छातीशी आलेला चेंडू सोडला आणि ओठ चावून हसू आवरलं. मी तुमच्याच बाकावर बसले होते. अय्यो! तिथून किती स्वच्छ दिसतं सगळं! हात चेंडूपर्यंत जातो, थांबतो, मागे येतो. म्हणजे माझंही तुम्हाला दिसलं होतं.

मग बोलला का नाहीत? लेकीला सगळ्यांसमोर कसं धरायचं, म्हणून? की मी आपणहून सांगेन, अशी वाट बघत होतात? शेवटच्या दिवसांत तुमचे पाय चेपताना दोनदा शब्द ओठांवर आला. तुम्ही डोळे उघडलेत, आणि मी विचारलं, "कॉफी आणू?" भित्री मेली! पण तुम्हीही काही कमी नाही. एकदा कान पिळला असतात, तर मी त्याच दिवशी सुटले असते.

कयलला मी खेळ संपल्यावर बाजूला घेतलं. ओरडले नाही. म्हटलं, "मीही असंच केलं होतं." तिनं मान वर केली. "मग काय झालं, मिस?"

काहीच झालं नाही, हेच तर! तिला म्हटलं, सोमवारी सांगते.

सेल्वी आता आडुतुरै गावी असते. रविवारी बसनं जातेय तिच्याकडे. हसेल, शिव्या घालेल, की आठवत नाही म्हणेल, कोण जाणे. पण तिच्यासमोर बसून सगळं सांगीन, आप्पा, आणि कॉफीचं विचारणार नाही. हा शब्द देते. मग सोमवारी कयलला सांगायला माझ्याकडे काहीतरी असेल.

तुमची,
तुळजा