प्रश्न सातवा आणि भगवंतरावांचा ठसका

प्रति,
मा. सचिव,
वादक पात्रता समिती,
विभागीय खंजरी भजन स्पर्धा, अमरावती.

विषय : खंजरीवादक श्री. नत्थुजी ढोले यांना संगीतशास्त्राच्या लेखी परीक्षेत नापास करून मंडळातून उठवल्याबाबत.
संदर्भ : आपले दि. २ डिसेंबरचे पत्र, 'शास्त्राचे किमान ज्ञान नसल्याने अपात्र'.

महोदय,

वरील विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार नत्थुजी उकंडराव ढोले, वय ६७, हे तिवसा येथील भजन मंडळात एकेचाळीस वर्षांपासून खंजरी वाजवतात. मंडळाचे गायक भगवंतराव, वय ७९. एवढ्या वर्षांत मात्रा किती, हे अर्जदारास कोणी विचारले नाही, व अर्जदारानेही आपणहून कोणास सांगितले नाही.

२. यंदा आपण पंचवीस गुणांची लेखी परीक्षा काढली. अर्जदार अमरावतीस येऊन, चष्मा पुसून, बाकावर बसले. प्रश्न तिसरा : 'खंजरीचा स्वर कसा असतो?' अर्जदाराने लिहिले, 'शेकली तं चढते, गारठली तं उतरते.' गुण शून्य. प्रश्न काढणाऱ्याने जन्मात कधी जाळाजवळ खंजरी धरली असेल, असे वाटत नाही. उंटावरून शेळ्या हाकणे यालाच म्हणतात. असो.

३. खरे दुखणे सातव्या प्रश्नाचे आहे. एक ध्वनिमुद्रण ऐकवून 'तिसऱ्या कडव्यात वादकाने थाप उशिरा का दिली?' असे विचारले. मुद्रण गेल्या वर्षीच्या आपल्याच स्पर्धेतले, आणि वाजवणारे खुद्द अर्जदार! त्यांनी लिहिले, 'भगवंतरावले ठसका लागला व्हता. त्याले दम घेऊ देल्ला.' यावर लाल शाईची फुली. छापील नमुना उत्तर : 'रसनिर्मितीसाठी वादकाने समेला जाणीवपूर्वक हुलकावणी दिली.' म्हणजे ज्याने थाप मारली त्याला ती का मारली हे ठाऊक नाही, आणि जे खुर्चीत बसून ऐकत होते त्यांना ठाऊक! धन्य ते शास्त्र. अर्जदारास एकूण गुण तीन, त्यांपैकी दोन सुवाच्य अक्षराचे.

४. त्यांच्या जागी चोवीस गुणांचे श्री. पुष्कर यांना बसवण्यात आले. माणूस गुणी आहे, अर्जदारास वाकून नमस्कार करतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. शास्त्र शिकूच नये, असेही अर्जदाराचे म्हणणे नाही. परंतु रविवारच्या तालमीत पुष्कररावांनी तिसऱ्या कडव्यात बरोब्बर मोजून हुलकावणी दिली. भगवंतराव तेव्हा ठणठणीत होते. ते पुढे निघून गेले, खंजरी मागे राहिली. पाचव्या कडव्यात त्यांना खराच ठसका लागला. तिथे हुलकावणी पुस्तकात नव्हती, सबब खंजरी थांबली नाही, आणि म्हातारा माणूस चाळीस लोकांपुढे उघड्या तोंडाने बसून राहिला. अर्जदार दाराशी उभे होते. त्यांना ते पाहवले नाही, लय वाईट वाटले. भगवंतरावांनी टाळ खाली ठेवले व म्हणाले, 'नत्थू नसन तं मी अकोल्याले येत नाई.' तेव्हापासून त्यांनी गाणे बंद केले आहे.

५. अकोल्याची अंतिम फेरी २२ तारखेस आहे. डॉक्टरांनी भगवंतरावांना 'यंदा गा, पुढच्या वर्षी नाही' असे बजावले आहे. आपण येत्या १८ तारखेच्या फेरपरीक्षेची सवलत देऊन सोबत नमुना उत्तरेही धाडली, याबद्दल आभार. ती पाठ करावीत, स्वतःच्या हाताबद्दल खोटे लिहावे आणि पास व्हावे, असा हा सोपा मार्ग दिसतो. घरच्यांनी समजावून पाहिले. अर्जदार म्हणतात, 'म्या जे केलंच नाई, ते काहून लिहू?'

सबब विनंती की, फेरपरीक्षा अवश्य घ्यावी, पण कागद-पेनाविना. भगवंतरावांना समोर गायला बसवावे. एक खंजरी अर्जदाराच्या हाती द्यावी, दुसरी नमुना उत्तर लिहिणाऱ्या परीक्षकांच्या हाती. ठसका कोणत्या कडव्यात लागेल, हे भगवंतरावांनाही माहीत नसते.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही) नत्थुजी उकंडराव ढोले
तिवसा, दि. १२ डिसेंबर २०२४

सोबत : १) उत्तरपत्रिकेची प्रत. २) भगवंतरावांचा डॉक्टरी दाखला, ठसका खरा असल्याबाबत.

अर्ज लिहून देणार : सौ. रागिणी ढोले (सून). मामंजींनी सांगितलेले चार शब्द गाळले आहेत.