आजोबांची पूर्व आणि रिकामी चटई

तीर्थस्वरूप मुनसिकदादास,
धाकट्या यनहीचा वाकून नमस्कार.

"मेल्यावर माणूस कुठं जातं हे तिघांना विचारावं, आणि तिघांनाही हो म्हणावं," असं आई किमचीच्या कोबीला मीठ चोळताना म्हणाली होती, आठवतं? (तू तेव्हाही नाहीच म्हणाला होतास.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? मी ठीक आहे, माझा सिनेमा तेवढा अंथरुणाला खिळला होता.

शेवटचा प्रसंग घ्यायचा होता. थोरला मुलगा आईच्या श्राद्धाच्या ताटांपुढं वाकतो, एवढाच. जागा डोंगरातल्या त्याच मठाची, जिथं आईची एकोणपन्नासाव्या दिवसाची प्रार्थना मी केली आणि तू आला नाहीस. (घरी तू श्राद्ध घातलंस तेव्हा मी आले नाही. फिट्टंफाट.) मागच्या रांगेसाठी आंदोंगचे, श्राद्धाचा नेम काटेकोर पाळणारे आपले चार आजोबा आणले होते, घोड्याच्या केसांच्या काळ्या टोप्या घातलेले. कॅमेऱ्याच्या चौकटीत डोंगर यावा म्हणून युनिटच्या पोरांनी ताटं फिरवली. नेमाच्या अगदी उलट, लाल बोरं पश्चिमेला गेली, पांढऱ्या नाशपाती पूर्वेला. आजोबा खाली बसले ते बसलेच.

"ए बाई, ती आई बिचारी उपाशी परत जाईल ना!"

"आजोबा, सिनेमा आहे हो हा."

"सिनेमा तुझा. नमस्कार आमचा."

गलका ऐकून थोरल्या भिक्खुणी बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, आत्मा केव्हाच नव्या जन्माला गेला, जेवायला येणार कोण? "मग तुम्ही अजून घंटा कुणासाठी बडवता?" आजोबांनी विचारलं. त्या खळखळून हसल्या, आमच्याच ताटातली एक नाशपाती उचलली आणि ऊन पडू दे म्हणून मागच्या डोंगरदेवाला वाहायला गेल्या. (बुद्धाच्या परसात ताओवाल्यांचा म्हातारा वाघ घेऊन बसलाय, हे आपल्याकडं कुणाला खटकलंय?) परदेशी लोक मला विचारतात, तुमच्या सिनेमात श्राद्धवाले, बुद्धवाले आणि ताओवाले हे तिघं एका चौकटीत मावतात कसे? मावत नाहीत, दादा. भांडतात.

डोंगरदेवानं ऊन दिलं नाही, धुकं पाठवलं. डोंगर गेला, वाघ गेला, ताटं गेली आणि शेवटी पूर्वही गेली. आत मठात प्रार्थनेचा लाकडी ठोकळा वाजू लागला. कुणी काही न सांगता आजोबा उठले, टोप्या सारख्या केल्या आणि त्या पांढऱ्यात वाकले. मला श्वास घेताना लाज वाटली. आई तिथं होती, नव्हती आणि डोंगरात मिसळली होती. तिन्ही खरं होतं. कॅमेरा चालू राहिला, मी थांबवायचंच विसरले.

चित्रण पाहिलं तर पुढची, थोरल्या मुलाची चटई रिकामी. आमचा नट धुक्यात चुकून जनरेटरच्या गाडीला मनोभावे वाकून आला होता.

तुझी,
यनही

ता. क. निर्माते म्हणतात, नटाला घेऊन पुन्हा करू. मी म्हटलं, चटई तशीच रिकामी राहील. तेव्हा घाबरू नकोस, सिनेमासाठी तुला बोलवत नाही.

ता. क. २. आईचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. या वेळी दोघांनी मिळून घालू, त्याच मठाच्या अंगणात. कॅमेरा आणणार नाही. घरच्या झाडाची बोरं आण, म्हणशील त्या बाजूला मांडू. तू नाहीच म्हणणार. तरी ये, दादा.