बोललेलं लिहून दाखवणारा मोबाईल

कळवा,
रविवार, दुपार

प्रिय रंभा,

खोक्यातला मोबाईल तुझ्यासाठी आहे. आमची सूनबाई संचिता तो तुझ्या बहिणीच्या हातात देऊन येईल, तुला समोर यावं लागणार नाही. हे पत्र वाचून होईपर्यंत तो परत पाठवू नकोस, एवढंच मागते. नंतर पाठवलास तर ठेवून घेईन, का म्हणून विचारणार नाही. तुला वाटेल, सात महिने हिचा पत्ता नाही आणि आता वस्तू पाठवून मन वळवायला निघाली. तसं नाहीये. हल्ली मला सगळं एका दमात लिहिता येत नाही, म्हणून आधी सोपं आहे ते लिहिते.

तुझा तो बटणांचा फोन मला पाठ आहे. पाचाचं बटण घासून गुळगुळीत झालेलं, झाकण पडू नये म्हणून रबरबँड लावलेलं. आमच्या मितेशने त्याचा जुना मोबाईल तुला देऊ केलेला, तेव्हा तू तो उलटा धरून म्हणालेलीस, 'नको गं कले, मला काय सिनेमे बघायचेत?' म्हणून दुकानात जाण्याआधी मी एका कागदावर लिहून काढलं, रंभाला काय चालेल. अक्षर मोठं हवं, कारण तुझा चष्मा कधी जागेवर नसतो. वजनाला हलका हवा, तुझा उजवा अंगठा दुखतो. चार्जिंग दोन दिवस टिकायला हवं, कारण तू ते लावायला विसरणारच. आणि बोटाच्या ठशाने उघडणारा नको. बावीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये कॉइल गुंडाळता गुंडाळता आपल्या बोटांचे ठसे पुसले गेले. रेशनच्या दुकानातलं मशीन तुला ओळखत नाही, तर मोबाईल कुठला ओळखणार? संचिता ऑनलाईन मागवणार होती. मीच नको म्हटलं. मला तो माझ्यासमोर वापरून बघायचा होता.

नौपाड्यात आतल्या गल्लीत एक मोबाईलचं दुकान आहे. सर्वेश नावाचा चाळिशीतला माणूस चालवतो. दुपारी गर्दी नसते म्हणून मंगळवारी एकटीच गेले. त्याने काउंटरवर चार-पाच मोबाईल मांडले आणि बोलायला लागला. मी हो म्हणत गेले. त्याने एक उचलून दाखवला, मी हो म्हटलं. त्याने काहीतरी विचारलं, मी मान हलवली. तो हसला, म्हणून मीही हसले. शेवटी त्याने मागे तीन कॅमेरे असलेला एक भलामोठा मोबाईल घेतला, त्यावर काच चिकटवली, कव्हर चढवलं आणि कार्डाचं मशीन माझ्यासमोर धरलं. तेव्हा मला कळलं की तो मी पसंत केलाय. तुझ्या हातात मावलाही नसता. मी मशीन मागे सारलं आणि म्हटलं, 'मला ऐकू येत नाही.'

रंभा, हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी स्वतःहून सांगितलं. आणि मी ते म्हटलं, तेही मला ऐकू आलं नाही.

सर्वेशने बिलबुक उलटं केलं आणि पाठच्या बाजूला लिहिलं, 'आधी सांगायचं ना काकू.' चिडला नाही. चिकटवलेली काच काढली, मला स्टूल दिलं. मग मी त्याला सगळं सांगितलं. की माझी एक मैत्रीण आहे, सातवीपर्यंत शिकलेली, वाचते भराभर पण लिहायला बसवलं तर घाम फुटतो. तिने मोबाईलशी नुसतं बोलायचं आणि ते मराठीत लिहिलेलं होऊन माझ्याकडे यायचं, असा द्या. कॅमेरा कसाही चालेल. त्याने तीन वेगळे काढले. पहिला सर्वांत स्वस्त. त्याच्याशी तो काहीतरी बोलला आणि आम्ही दोघं काचेकडे बघत बसलो. अक्षरं इतकी सावकाश उमटली की तेवढ्यात तू फोन भिरकावून दिला असतास. दुसऱ्यावर आलं, 'काका चहा घेणार का'. तिसऱ्यावर आलं, 'काकू चहा घेणार का'. मी घेते म्हटलं. कितीतरी महिन्यांत कुणी बोलून विचारलेल्या गोष्टीला मी पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलं होतं.

पण शांत दुकानात काय, कुठलाही चालेल. तुझ्याकडे कुकर, टीव्ही, भाचरांचा गोंधळ. म्हणून मी त्याला म्हटलं, बाहेर चला. तो बिचारा माझ्याबरोबर रस्त्याच्या कडेला आला. रिक्षा, टेम्पो, कुणी हॉर्नवरचा हात काढत नव्हतं. म्हणजे गाड्या तुंबलेल्या दिसत होत्या, त्यावरून म्हणते. तिथे उभा राहून तो मोबाईलशी बोलला. अक्षरं आली, 'काकू तुमची मैत्रीण नशीबवान आहे'. एकही चूक नाही. मी तोच घेतला. नशीबवान वगैरे जाऊ दे, तो दुकानदार आहे. दोन वर्षांनी फोटोंना जागा कमी पडेल असं त्याने लिहून दिलंय. पडू दे.

संचिताने त्यात सगळं घालून ठेवलंय. काचेवर फक्त तीनच खुणा आहेत. एक फोनची, एक बहिणीची, एक माझी. माझा फोटो मितेशच्या लग्नातला आहे, ओळखशील. त्यावर बोट ठेव, खाली लहानसा माईक दिसेल, तो दाब आणि बोल. ओरडायचं नाही, आपण कंपनीतल्या प्रेस मशीनच्या आवाजात बोलायचो तसं तर अजिबात नाही. वाचून बघ आणि बाणाचं चिन्ह दाब, की आलं माझ्याकडे. कुणी फोन करून नंबर विचारला, बँकेतून बोलतोय म्हणाला, तर काही सांगू नकोस, सरळ ठेवून दे.

आता कानाचं. उजवा तर आपली कंपनी बंद होण्याआधीच अर्धा गेलेला, तुला ठाऊक आहे, तू नेहमी माझ्या डाव्या बाजूला बसायचीस. डावा गेल्या चैत्रात एका सकाळी गेला. ओट्यापाशी उभी होते. कुकरमधून वाफ फुस्सकन वर जाताना दिसली आणि शिट्टी नाही. मला वाटलं कुकर बिघडला. मग नळ सोडला, तोही गप्प. मी गॅस बंद केला, भाताला किती शिट्ट्या झाल्या माहीत नव्हतं म्हणून झाकण उघडून शीत दाबून बघितलं, आणि सगळ्यांना वाढलं. कुणालाच काही बोलले नाही. अगदी ठार झाले नव्हते तेव्हा. खूप लांबून, पाण्याखालून यावेत तसे तुटके शब्द यायचे. त्यावर मी सहा महिने घर चालवलं. तोंडं बघून अंदाज करायचा, हो म्हणायचं, हसायचं. संचिताला वाटलं सासूबाई आता शांत झाल्या. मितेश म्हणे, आई हल्ली वाद घालत नाही. का लपवलं, विचारशील. सांगता येत नाही. भीती वाटली म्हणावं, तर भीती वाटली नव्हती. काहीच वाटत नव्हतं. आवाजाबरोबर आणखीही काही बंद झालं असावं.

तुझा फोन दर रविवारी यायचा. तोंड दिसलं तर अंदाज तरी करता येतो, फोनवर तेही नाही. तरी मी तो कानाला लावून बसायचे. अधूनमधून हं म्हणायचे, तू थांबलीस असं वाटलं की काहीतरी बोलायचे. मग ज्येष्ठात तुझा फोन यायचा बंद झाला. खरं लिहिते, मला सुटल्यासारखं झालं. नाटक करावं लागत नव्हतं. रंभा का गप्प झाली, हे मी विचारायला हवं होतं. एक रविवार गेला, दुसरा गेला, आणि मी विचारलं नाही.

नवरात्रात संचिताबरोबर माजिवड्याला गेले होते, तिथे आपले धोंडीबा भेटले, कंपनीच्या गेटवरचे वॉचमन. आता काठी घेतात. ते बराच वेळ बोलत होते, मी हसून माना डोलवत होते. मध्येच मला दिसलं की संचिता माझ्याकडे विचित्र नजरेने बघतेय, आणि धोंडीबा हात जोडून निघून गेले. रिक्षात तिने माझा हात घट्ट धरून ठेवला. घरी आल्यावर लाईटबिलाच्या पाठीवर तिने लिहिलं, 'आई, ते म्हणाले रंभामावशींचे मिस्टर गेले. जूनमध्ये. तुम्ही दहाव्यालाही दिसला नाहीत म्हणाले. तुम्ही हसत होतात.' त्याखाली आणखी एक ओळ, 'तुम्हाला ऐकू येत नाही का?'

मी दोन्ही वाचलं. एकाच वेळी दोन गोष्टी उघड झाल्या, आणि मी तिला विचारलं, जेवायला काय करायचं. ती रडली, मी नाही. दुसऱ्या दिवशी मितेशने मला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कागदावर लिहिलं की नस गेलीय, कानाच्या मशीनचा फारसा उपयोग होणार नाही. मी बरं म्हटलं. भावोजी गेले हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून बघत होते. कळव्याच्या खोलीत मला दरवर्षी पहिला हापूस तेच आणून द्यायचे. माझे हे गेले तेव्हा तू तेरा दिवस घरदार सोडून माझ्या उशाशी होतीस, आणि त्यांनी एकट्याने पोरं सांभाळली. हे सगळं आठवत होतं, पण जसं दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं.

दिवाळी झाल्यावर डोंबिवलीला आले होते, हे तुला माहीत आहे. तू आता बहिणीकडे राहतेस, हे कळल्यावर धोंडीबांकडून पत्ता काढला होता. तू तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस. मी खाली, मेडिकलच्या पायरीपाशी. तू मला बघितलंस. तुझ्या हातात ओला टॉवेल होता, तो तसाच राहिला. तुझे ओठ हलले. कंपनीत प्रेस धडधडत असताना तुझे ओठ मी कित्येक वर्षं वाचले, पण तिसऱ्या मजल्यावरून वाचता आले नाहीत. 'ये' म्हणाली असशील, 'जा' म्हणाली असशील. मग तू आत गेलीस. मी अर्धा तास थांबले आणि परत आले. वर येऊन बेल वाजवायला हवी होती. पण तू दार उघडून जे बोलली असतीस, ते मला कळलं नसतं आणि सवयीने मी पुन्हा हो म्हटलं असतं.

तुझा शेवटचा फोन आला त्या रविवारी मी काय म्हणाले, ते मला शब्दन्शब्द आठवतं, तुलाही आठवत असेल. तू फोनवर म्हणालीस ते सगळं पाण्याखाली होतं, त्यातून दोनच शब्द वर आले, 'हे' आणि 'गेले'. त्याआधी महिनाभर तू सांगत होतीस की भावोजी गावी जायचं म्हणतात, कौलं बदलायचीत, पण निघतच नाहीत, घरात नुसती कटकट. मला वाटलं, निघाले एकदाचे. आणि मी हसून म्हटलं, 'बरं झालं बाई, गेले एकदाचे. आता तू सुखाने झोप.' पलीकडे तू गप्प झालीस की ओरडलीस की रडलीस, मला माहीत नाही. मी आणखी दोन वाक्यं बोलून फोन ठेवला. भावोजी गेल्यावर पहिला फोन तू मला केला असशील. हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलंय, की ते वाक्य मी तुझ्या नवऱ्याच्या मरणाला म्हटलं नव्हतं. पण ते माझ्याच तोंडून गेलं, आणि ऐकू येत नाही हे वेळेवर सांगितलं असतं तर गेलं नसतं. माफ कर असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. माझे डोळे अजून कोरडेच आहेत, अशा बाईने माफी कशी मागायची? तू फक्त एक कर. माईक दाब आणि त्या रविवारी मला जे सांगत होतीस, ते पहिल्यापासून सांग. कधी गेले, कसे गेले, शेवटी काय बोलले, तू कुठे होतीस. मध्ये मला शिव्या घालाव्याशा वाटल्या तर घाल. मी इथे खिडकीपाशी मोबाईल हातात घेऊन बसलेय. हो म्हणणार नाही, हसणार नाही. तू जे बोलशील ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचेन.

तुझीच,
कला