माझ्या पश्चात दोन सीटच्या गाडीचे काय करावे

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, धंदा गाड्यांना रंग देण्याचा, शिक्षण अर्धा इंजिनियर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. प्रकृती ठणठणीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ते नसते तेव्हा मी लिहीत नाही, बोलतो. हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. बायको शेजारच्या खोलीत आहे आणि दाराला मी आतून कडी घातली आहे.

हे लिहिण्याचे कारण असे. मागच्या आठवड्यात बायको म्हणाली, "गाडी ठेवायचीच असेल ना, तर आधी मृत्युपत्र करून ठेव." रागाने म्हणाली की चेष्टेने, याचा खुलासा अजून झालेला नाही. मी त्याच पावली वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी तीन नियम सांगितले. मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होते. ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. आणि शिवीगाळ लिहू नये. तिन्ही पाळीन असे मी कबूल केले.

कलम १. माझ्यामागे राहणारी माणसे. बायको. सात महिन्यांची जुळी: एक मुलगी, ती आधी आली म्हणून थोरली, आणि एक मुलगा, धाकटा. माझे वडील. सासूबाई. आणि सासरे, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण ते गाडी चालवायला शिकवतात. अर्ध्या शहराने त्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. त्यांना काय द्यायचे ते पुढे बघू. हे लिहायला बसलो तेव्हा काहीच द्यायचे नाही असे ठरले होते.

कलम २. राहते घर भाड्याचे आहे. ते घरमालकाला मिळावे. न्हाणीघराच्या दाराचा निळा रंग मात्र माझा आहे. पुढच्या भाडेकरूला दाखवताना घरमालकाने "मी करून घेतला" असे म्हणू नये.

कलम ३. दोन्ही स्प्रेगन, पॉलिशचे यंत्र आणि पोचे काढायचा लाकडी हातोडा आमच्या गॅरेजच्या उस्तादांना द्यावा. हातोडा मुळात त्यांचाच आहे; तरी तो मी दिला असे समजावे.

कलम ४. माझे शिक्षण वडिलांना द्यावे. म्हणजे तीन सत्रांच्या गुणपत्रिका, ड्रॉइंग बोर्ड आणि कॉलेजचे ओळखपत्र, ज्यातला फोटो त्यांना आवडतो. मी कॉलेज सोडले तेव्हापासून वडील माझ्याशी थेट बोलत नाहीत. लग्नाआधी भिंतीशी बोलायचे, आता माझ्या बायकोशी बोलतात. मी समोर जेवत असतो आणि ते तिला म्हणतात, "त्याला विचार, अजून वाढू का." ती मला विचारते. मी तिला सांगतो. ती त्यांना सांगते. तोवर भाजी गार होते. माझ्या पश्चात त्यांना थेट बोलायची इच्छा झाली तर माझी हरकत नाही.

ते सगळ्यांना सांगतात की पोराने एका भंगार गाडीपायी शिक्षण सोडले. हे खोटे आहे. मी पोरीपायी सोडले. गाडी नंतर आली.

कलम ५. ते कसे, हेही इथेच लिहून ठेवतो, म्हणजे मुलांना कोणी वेडेवाकडे सांगणार नाही.

मला गाडी चालवायचा परवाना आधीपासून होता. तरी मी मास्तरांच्या शाळेत नाव घातले, कारण मास्तरांची मुलगी तिथे शिकवत होती. शिकवणीच्या गाडीत पेडल दोन्हीकडे असतात. शिकणारा स्टिअरिंगवर बसतो. शिकवणारा शेजारी बसतो आणि त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच असतो. मी चुकायचो आणि ती थांबवायची. मी चढावर गाडी बंद पाडायचो. गोल चौकात नको तिथून बाहेर पडायचो. मागे घेताना रोज तोच खांब गाठायचो. ती म्हणायची, "अहो, डोळे पुढे ठेवा." माझे डोळे पुढे राहत नसत.

शिकवणीची वेळ सकाळची होती, कॉलेजचीही सकाळची. मी शिकवणी निवडली.

महिना संपला तसा मी दुसऱ्या महिन्यासाठी नाव घालायला गेलो. मास्तरांनी चष्म्यावरून बघितले आणि म्हणाले, "परवाना असलेला माणूस इतका वाईट चालवतो, हे मी पहिल्यांदाच बघतोय." मी गप्प राहिलो. आयुष्यात मी फार थोड्या वेळा गप्प राहिलो आहे, त्यातली ही एक.

कलम ६. गाडी. तिचे वर्णन: स्पोर्ट्स कार, दोन दारे, दोन सीट, इंजिन मागच्या बाजूला, छप्पर माझ्या कमरेइतक्या उंचीचे. रंग पिवळ्याकडे झुकणारा लाल; तो मी स्वतः कालवला आहे, बाजारात मिळणार नाही. आमच्या शिकवणीच्या रस्त्यावर एका शेडखाली ती चाकांशिवाय पडून होती. एके दिवशी तिच्याकडे बोट दाखवून मास्तरांची मुलगी म्हणाली, "ही चालू झाली ना, तर पहिली मी बसणार."

मी त्या दिवसापासून कॉलेजात गेलो नाही. गाडीच्या मालकाकडून ती उचलली, उस्तादांच्या हाताखाली लागलो, दिवसा लोकांच्या गाड्या आणि उरलेल्या वेळात ही. दीड वर्षाने ती चालू झाली. पहिली तीच बसली. या गाडीत शेजारच्या सीटपुढे पेडल नाहीत, तरी प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. आजही दाबतो. त्या जागचे मॅट मी दोनदा बदलले आहे.

तिसऱ्या वळणावर मी लग्नाचे विचारले. ती म्हणाली, "आधी गिअर बदल."

कलम ७. शपथ. जुळी झाली त्यानंतर इस्पितळातून घरी सोडले त्या दिवशी मी गाडी धुऊन, पुसून पोर्चमध्ये आणून उभी केली. बायको एक बाळ घेऊन बाहेर आली. सासूबाई दुसरे घेऊन. मी दार उघडून उभा राहिलो आणि तेव्हा माझ्या लक्षात आले. म्हणजे, जुळी आहेत हे मला माहीत होते. गाडीत दोन सीट आहेत हेही माहीत होते. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

मास्तर मागून त्यांची शिकवणीची गाडी घेऊन आले. छपरावर शिकाऊ पाटी. खिडकीतून म्हणाले, "काय जावईबापू, पोरं डिकीत ठेवायची का?"

"डिकीत इंजिन आहे," मी म्हटले.

"मग ऊबदार असेल."

नर्स हसली. मी डोक्यात राख घालून घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "माझ्या जिवंतपणी ही गाडी माझ्या दारातून जाणार नाही!" बायको शिकवणीच्या गाडीत मागे बसली, दोन्ही बाळांमध्ये. शपथ मोडायची माझी सवय नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ८. माझ्या पश्चात गाडी कोणाला द्यावी, यावर मी तीन दिवस घालवले आहेत.

थोरलीला दिली तर धाकटा रडेल. धाकट्याला दिली तर थोरली त्याला मारेल. ती आताच मारते. दोघांत मिळून दिली तर एक चालवेल आणि एक शेजारी बसेल, आणि आईला न्यायला जागा उरणार नाही.

चष्म्याला, म्हणजे माझ्या कॉलेजच्या मित्राला, ज्याने शिक्षण पूर्ण केले? तो ती गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चालवेल. मला वर बघवणार नाही. त्याला माझे चामडी हातमोजे द्यावेत, गाडी नाही.

बायकोला? मी दाराआडून विचारले, "मी गेल्यावर गाडीचं काय करशील?"

"विकेन."

"कधी?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी जमलं तर."

"थोडंसुद्धा वाईट वाटणार नाही?"

"तू गेल्याचं वाटेल. गाडी गेल्याचं नाही." मग थोड्या वेळाने, "जेवायला ये. मृत्युपत्र पळून जात नाही."

हे कलम अर्धवट सोडत आहे.

कलम ९. काल मुलांची लस होती. अशा वेळी आमची वरात पुढीलप्रमाणे निघते: पुढे मास्तरांची गाडी, तीत मास्तर स्टिअरिंगवर, मागे बायको आणि दोन्ही मुले, त्यामागे मी, माझ्या गाडीत, शेजारची सीट मोकळी. त्यांच्या मागच्या काचेतून मला बायकोची वेणी दिसते. सात महिने मी ती वेणी बघत गाडी चालवतो आहे. बायको म्हणते, लोकांना वाटते आमच्या मागावर कोणीतरी आहे.

काल मी सिग्नलला अडकलो आणि ते पुढे गेले. मी पोहोचलो तेव्हा दवाखान्याच्या दाराशीच आतले बोलणे ऐकू आले. थोरली किंचाळत होती. नर्स म्हणाली, "एकाला तरी धरा कोणीतरी. वडील कुठे आहेत?"

बायको म्हणाली, "मागून येतायत. ते कायम मागूनच येतात."

ती हे टोमणा म्हणून बोलली असती तर मी भांडलो असतो. मला भांडता येते. ती नुसते सांगत होती, पत्ता सांगतात तसे.

मी आत जाऊन धाकट्याला धरले. त्याला सुई टोचून झाली होती. तो माझ्याकडे बघत होता, हे आत्ता कशाला आलेत अशा नजरेने.

कलम १०. तिथून आम्ही सासरवाडीला गेलो. मास्तर खुर्चीत बसून म्हणाले, "मी शाळा बंद करतोय. ओरडायला दम पुरत नाही. माझी गाडी तुम्ही घेऊन जा."

"तो डबा?" मी म्हटले. "पाटीसकट?"

"पाटी काढता येते. तुम्हाला शोभते, पण काढता येते."

सासूबाई म्हणाल्या, "अहो, पुरे."

मी उठून अंगणात गेलो. बायको मागोमाग आली. तिथे मी तिला जे सांगितले ते इथे लिहितो, कारण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. मी म्हटले, "मला गाडीचं काही नाही. चार सीटची गाडी घेतली की तू मागे बसणार, पोरांजवळ. मी पुढे एकटा, भाड्याच्या ड्रायव्हरसारखा. या गाडीत मागे जागाच नाही. हिच्यात तुला माझ्याशेजारीच बसावं लागतं."

ती म्हणाली, "आणि हे तू सात महिने सांगितलं नाहीस."

"शपथ घेतली होती ना."

"वेड्या, पोरांना पट्टे असतात. त्यांना बांधून ठेवता येतं. तुला बांधता येत नाही. मी पुढेच बसणार." मग म्हणाली, "बाबांच्या गाडीत तर माझा ब्रेक आहे. मी नाही कोणाला त्या सीटवर बसू देणार."

मला एकदम शिकवणीतली चढावरची सकाळ आठवली, मी गाडी बंद पाडायचो आणि शेजारून तिचा ब्रेक लागायचा ती. मी काही बोललो नाही. ही दुसरी वेळ.

कलम ११. तरी सर्व बाबींचा विचार करून, कोणाच्याही धाकाला न भिता, कलम ८ पुढीलप्रमाणे पूर्ण करतो.

सदर स्पोर्ट्स कार माझे सासरे, म्हणजे मास्तर, यांना द्यावी. त्यांनी तिचा माझ्या लग्नाआधीपासून पाणउतारा केला आहे. पण ती त्यांच्या दारात उभी असते तेव्हा पक्ष्यांनी घाण केली तर ते धोतराच्या फडक्याने स्वतः पुसतात, हे मी खिडकीतून पाहिले आहे. एकदा बसून बघतो म्हणाले आणि बसले. बाहेर काढायला मला आणि उस्तादांना मिळून ओढावे लागले. म्हणाले, "गाडी टाकाऊ आहे." तासाभराने पुन्हा बसले.

अट एकच. मास्तरांनी लग्न झाल्यापासून सासूबाईंना शिकवणीच्या गाडीत मागेच बसवले आहे. शेजारच्या सीटपुढेही पेडल आहेत, चुकून पाय पडेल, हे कारण. या गाडीत ते कारण नाही आणि मागची सीटही नाही. तेव्हा गाडी जिथे जाईल तिथे सासूबाई शेजारी बसतील. त्या बसलेल्या नसतील तर गाडी सुरू करू नये. मास्तर ओरडले तर त्यांनी खिडकीची काच खाली करावी, आवाज बाहेर जातो.

तिसऱ्या गिअरला जरा अडते. जोर लावू नये, थांबावे, ती स्वतः देते.

आता शपथेचा प्रश्न. मी म्हणालो होतो, माझ्या जिवंतपणी. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. दोन्ही पाळायचे तर मार्ग एकच उरतो. म्हणून लिहून ठेवतो की सदर गाडीपुरते मला आजपासून मयत समजावे आणि हे कलम ताबडतोब अमलात आणावे. बाकी सर्व बाबतींत मी जिवंत आहे. लसीचा दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे आणि त्याला मी पुढून येणार आहे.

वकीलबाईंनी हे वाचून कपाळाला हात लावला. "असं लिहिता येत नाही," म्हणाल्या. मी त्यांना दाखवले, लिहून झाले होते.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, बायकोने वाचून पाहिला आणि शुद्धलेखनाच्या चुका तिने दुरुस्त केल्या. शिवीगाळ एका ठिकाणी होती, तीही तिनेच खोडली.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर, कडी काढलेली.
दिनांक: लसीचा दुसरा दिवस. दोन्ही मुलांचा ताप उतरला आहे.

लिहून ठेवणार: (सही) गाडीपुरता कैलासवासी

साक्षीदार:
१. (सही) वकीलबाई, वरचा मजला. "फक्त सही खरी असल्याबद्दल. मजकुराशी सहमत नाही."
२. (सही) चष्म्या. साक्षीदाराला काही मिळत नाही हे सांगितल्यावर त्याने हातमोजे सोडले आणि सही केली. म्हणाला, तसेही दुसऱ्या गिअरमध्ये हातमोजे लागत नाहीत.

वडिलांनाही साक्षीदार व्हायचे होते. गुणपत्रिका मिळणार असल्याने होता येत नाही, असे मी बायकोमार्फत कळवले. त्यावर ते थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "मग चाव्या तरी दे. मास्तरांकडे मी सोडून येतो. एकदा चालवून बघायची होती."