अकरावं शेत

आई,

तू होतीस तेव्हा मी नुसतीच 'कॉलेजात' होते. पुढे मी नेमकं काय शिकले आणि आता काय शिकवते, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. आजही कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. विद्यापीठातल्या माझ्या दारावर राज्यशास्त्र लिहिलेलं आहे, आत फळ्यावर गणितं असतात आणि मी दिवसभर संगणकापुढे बसलेली. राज्यशास्त्रवाल्यांना मी गणितातली वाटते, गणितवाल्यांना संगणकातली, आणि संगणकवाले मला मॅडम म्हणून चहा पाजतात, पण आपल्यात धरत नाहीत. तुला सांगायचं तर असं सांगितलं असतं: कुणाला किती मिळावं आणि का, हा झाला तत्त्वज्ञानाचा प्रश्न. समोरचा काय करील हे ताडून माणूस आपलं पाऊल कसं टाकतो, त्याच्या गणिताला गेम थिअरी म्हणतात. मग मी संगणकात गावं वसवते, त्यांत असे नियम आणि अशी माणसं सोडते, आणि बघत बसते की गाव नांदतंय की फुटतंय. तू विचारलं असतंस, "त्या गावांत पाऊस पडतो का गो?" पडतो. मी सांगेन तेवढाच पडतो, आणि तीच त्या गावांची खोट आहे.

हे सगळं मी शिकले ते परदेशात, असं माझ्या माहितीपत्रकात लिहिलंय. खरं म्हणजे सुरुवात आपल्या चुलीपाशी झाली. भाताच्या आवणीच्या आधीचा आठवडा आहे. राबातलं रोप लावणीला आलंय, आणि तू भाकऱ्या उरकून जमिनीवर वालाचे दाणे मांडतेस. अकरा दाणे, आपल्या वाडीतली अकरा घरं. सावडीची आवणी, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात लावायचं, उद्या दुसऱ्याच्या. कुणाचं शेत आधी आणि कुणाचं मागून, हे ठरवायला दरवर्षी सगळे तुझ्याकडेच येत. तू एकेक दाणा सरकवतेस आणि पुटपुटतेस: हिचा नववा महिना, हिचं आधी उरकू. त्याच्या खाचरात पाणी टिकत नाय, तो दुसरा. शेजारच्या काकूचा नवरा मुरबाडला कामावर, सुटीच्या दिवशी तिचं धरू. आणि आपला दाणा तुझ्या गुडघ्यापाशी, सगळ्यांच्या मागे. बाबा चुलीकडे तोंड करून विडी ओढत बसलेले असत आणि काही बोलत नसत. बोलून उपयोग नसतो हे त्यांना लग्न झाल्या वर्षीच कळलं असावं.

एका वर्षी पावसाने मध्येच दडी मारली आणि आपल्या शेतापर्यंत येईतो रोप जून होऊन गेलं. मी आठवीत होते. सगळ्या बायका ओणव्या लावत असताना मी तुला त्यांच्यादेखत म्हटलं की नंबर तू लावतेस आणि स्वतःचंच घर मागे टाकतेस, हा कुठला शहाणपणा. कुणी मान वर केली नाही. तूही नाही. हातातली मूठ लावून संपवलीस, मग कंबर सरळ करून माझ्याकडे बघितलंस. "जो नंबर लावल त्यानं शेवटी ऱ्हावं. तो पुढं जाऊन उबा ऱ्हायला, त मंग त्याचं कोन आयकल?" एवढंच, आणि परत वाकलीस. त्या साली आपण डिसेंबरातच तांदूळ विकत आणायला लागलो. मला तुझा फार राग आला होता. आता खोटं कशाला बोलू, तो अजूनही थोडा आहे.

पण त्याच वाक्यावर मी पोट भरलं बघ. माझा पहिला शोधनिबंध तुझ्या नियमावर आहे: वाटप करणाऱ्याने शेवटी घ्यावं, म्हणजे वाटप न्याय्य होतं आणि कुणालाही ते मोडावंसं वाटत नाही. संगणकात मी अकरा घरांचं गाव वसवलं आणि हंगामांमागून हंगाम चालवले. गाव फुटायचं. पुन्हा चालवलं, पुन्हा फुटलं. कारण सोपं होतं. दरवर्षी एकच घर शेवटी राहिलं, तर चारदोन हंगामांत ते घर सावड सोडून जातं, आणि त्याच्या मागोमाग बाकीचे. दरवर्षी तोटा सोसून परत नंबर लावायला बसणारं माणूस गणितात बसत नव्हतं. मग मी ते काढून टाकलं. नंबर लावणारा दरवर्षी बदलतो, असं धरलं. गाव लगेच नांदायला लागलं, निबंध छापून आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू गेल्यावर दोन वर्षांत आपल्या वाडीतली सावड मोडली. मी त्याची कारणं यंत्रं आणि स्थलांतर अशी लिहिली. मोडली ती तुझ्या जागी बसायला कुणी तयार नव्हतं म्हणून, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आता या साली आपल्या ओढ्यावर बंधारा झालाय. खालच्या अंगाला तीच अकरा घरं भेंडी करतात. पहिल्या फेऱ्यांचं पाणी सगळ्यांना पुरतं. भांडण शेवटच्या फेरीचं. भेंडी ऐन तोडणीला आलेली असते आणि बंधाऱ्यात मागच्या शेतांपुरतं पाणी उरत नाही. गेल्या महिन्यात पाइपावरून दोन घरांत काठ्या निघाल्या, तेव्हा भावाने मला फोन केला. "ताई, समदे बोलतात तूच येऊन नंबर लाव. तू तेच शिकवतेस ना?" नको म्हणायला हवं होतं. पण माहेरच्यांनी बोलावलं याचा मला इतका आनंद झाला की हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

विहाराच्या ओट्यावर सगळे जमायच्या आधी भाऊ मला शेतावर घेऊन गेला. भेंडी झाडाझाडाला लगडली होती. त्याचा गुडघा गेलाय, भाताचं काम आता त्याला होत नाही, वर्षाचं सगळं त्या भेंडीवर. तो म्हणाला, "तू आईवानी लावशील त लाव. मी काय बोलनार नाय." तो अगदी बाबांसारखा दिसत होता. त्याने माझ्याकडे काही मागितलं असतं, तर मी ताठ राहिले असते.

ओट्यावर मी म्हटलं, नंबर माणसाने लावायला नको, संगणकावर चिठ्ठ्या टाकू. त्याला ना भाऊ ना जाऊ. सगळ्यांना पटलं. मी अकरा नावं घातली, बटण दाबलं, आणि क्रम वाचून दाखवला. आपलं शेत तिसरं आलं. अकरावं आलं शेजारच्या काकूचं. काका जाऊन वर्षं झाली, मुलगा भिवंडीला गोदामात, ती एकटीच एवढंसं रान करते. काकूने पदर सावरला आणि म्हणाली, "कोनतरी शेवटी लागतंच. मशिनीला काय ठावं मी कोन ते." मग उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरीनं भांडान मिटवलान. आईवर गेलीस गो."

त्या गोष्टीला तीन आठवडे झाले. काठ्या परत निघाल्या नाहीत. भावाची भेंडी किन्हवलीच्या बाजारात जाते आहे आणि तो फोनवर खुशीत असतो. बंधाऱ्याचं पाणी दहाव्या शेतापर्यंत पुरलं. काकू सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून हंडे आणून आपल्या झाडांच्या बुडाशी ओतते, असं भावाने सहज सांगितलं. आमच्या विभागातल्या लोकांना हा सगळा प्रकार फार आवडला आहे. यावर लिहा, म्हणतात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. ओट्यावर संगणकाचा पडदा एकट्या माझ्याकडे होता. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा काकूचं शेत चौथं आलं होतं आणि आपलं अकरावं. मी म्हटलं, "थांबा, एक नाव राहिलं," आणि परत दाबलं. कुठलंही नाव राहिलं नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तू असतीस, तर तुलाही सांगितलं नसतं.