वॉशिंग मशीनमधले कांदे

आई, तुझ्यावर पुस्तिका निघणार आहे. चर्चच्या महिला मंडळाने ठरवलंय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण मी तुझी एकुलती एक मुलगी आणि आता नर्सची नोकरी संपवून गावात रिकामी बसलेली. मंडळाच्या सेक्रेटरी शाळेत तुझ्याच हाताखाली शिकलेल्या, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर चपला शोधता शोधता म्हणाल्या, "ताई, बाईंचं समदं लिवून काढा. पानी कसं वाचवायच्या, भाजी कशी लावायच्या, काय खायच्या. आताच्या पोरींना काय बी म्हाईत न्हाई." मी हो म्हणाले. तू जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुझं नाव कोणी काढलं की माझ्या तोंडून आधी होच निघतं. नंतर घरी येऊन चडफडते.

लिहायला बसले तर वेळच लागला नाही. धने आख्खे पेरू नयेत, चपलेखाली हलकेच रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात, मग पेरावेत. कढीपत्त्याला महिन्यातून एकदा आंबट ताक पाणी घालून द्यावं. पानांवरच्या मावा किडीवर चुलीची राख सकाळच्या दवात भुरभुरावी. जुनं, पाझरणारं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरावं, पाण्याने भरून वर ताटली झाकावी आणि भोवती दोडका, कारलं, वांगी लावावीत. आपल्या कोरड्या भागातही दोन-तीन दिवसांनी मडकं भरलं की भागतं. भांडी राखेने घासावीत, म्हणजे ते पाणी अळूला चालतं. एवढं सगळं मी एका दमात लिहिलं, एकदाही पेन थांबलं नाही. जे शिकायचंच नाही असं मी लहानपणी ठरवलं होतं, ते सगळं मला तोंडपाठ आहे, हे त्या दिवशी कळलं आणि मला तुझा फार राग आला.

कारण यातली एकेक युक्ती माझ्या अंगावरून गेलेली आहे. पपईची युक्ती घे. "पपई मोरीजवळ लावावी," असं मी पुस्तिकेत लिहिलंय. खरं म्हणजे आपली मोरी धड होती, तिचं पाणी नळीने गटारात जायचं, आणि तुला ते बघवायचं नाही. म्हणून मी सातवी-आठवीपर्यंत परसात पपईच्या आळ्याशेजारी फरशीवर, गोणपाटाचा आडोसा करून आंघोळ करायची. मी तिथे बसलेय, थंडीने दात वाजतायत, पलीकडच्या गल्लीतून कोणी सायकलवर गेलं की मी तांब्या तसाच धरून श्वास रोखते. एक दिवस मी आत मोरीत आंघोळ केली. तू शाळेतून आलीस, आळं कोरडं पाहिलंस आणि एवढंच म्हणालीस, "झाडाला लाज न्हाई वाटत, तुला कशाची वाटती गं?" शाळेत तू शुद्ध बोलायचीस, रागावलीस की गावचं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पपईपाशी. पपया मात्र गोड लागायच्या, सगळे म्हणायचे. मी अजून पपई खात नाही.

आणि ते खत. घोडेगावचा जनावरांचा बाजार उठला की दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन जायचीस, रिकाम्या मैदानात राहिलेलं शेण गोळा करायला. बाजार आपल्यापासून एसटीने अर्ध्या तासावर. येताना पोतं आपल्या पायांशी, मी खिडकीकडे तोंड करून बसलेली, मागच्या सीटवर माझ्या वर्गातल्या दोन मुली नाकाला रुमाल लावून. कंडक्टर म्हणतो, "बाई, काय हाय पोत्यात?" तू म्हणतेस, "झाडांचं जेवन." तो हसतो, सगळी गाडी हसते, तू पण हसतेस. मीच तेवढी हसत नाही. आपण काही दरिद्री नव्हतो, आई. बाबा लवकर गेले हे खरं, पण तुझी नोकरी कायम होती, घर स्वतःचं होतं. काटकसर ही तुझी गरज नव्हती, ती तुझी ऐट होती, आणि ती ऐट मिरवायला तुला माझं अंग लागायचं.

एवढं करून पिकलेलं तरी घरात शिजायचं का? वेलाचं पहिलं चांगलं फळ कापणीच्या सणाला चर्चमध्ये वेदीपुढे ठेवायला जायचं. त्यानंतरचं बियांसाठी वेलावरच वाळायचं. मग शेजारीपाजारी, मुख्याध्यापक, पाळकबाई. आपल्या दोघींच्या ताटात जून दोडका, आणि त्याच्या शिरांची चटणी. तिला आता लोक पौष्टिक म्हणतात.

पण मी सगळंच वाईट लिहिलं तर ते खोटं होईल, आणि हीच माझी खरी पंचाईत आहे. दहावीच्या वर्षी मी प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक लिहून दिलं. तू ती चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकलीस आणि औषधाच्या दुकानावरून सरळ पुढे आलीस. दोन महिने मला रोज लोखंडी कढईतली शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर लिंबू, मधल्या वेळेला गूळ-शेंगदाणे. मी रडत खायची. पुन्हा रक्त तपासलं तर वाढलेलं. डॉक्टरांनी तुझं कौतुक केलं. त्या दिवसापासून तुला कोणी काही सांगायची सोयच उरली नाही. पुढे मी नर्स झाले, शेकडो लोकांना औषधं देत आले, पण तुझ्या स्वयंपाकघरात आले की पुन्हा ती रडत जेवणारी मुलगीच व्हायची.

तुला निवृत्तीनंतर शुगर निघाली तेव्हा मी पुण्याहून दर महिन्याला गोळ्या पाठवायचे. फोनवर तुझं ठरलेलं, "बरी हाय मी. कारल्याचा रस घेती, गोळ्या बी घेती." मग तुझ्या पायाला खुरपं लागलं. तू त्यावर दगडीपाला चोळून बांधलास, हळद लावलीस, आणि दुखत नाही म्हणून खूश झालीस. दुखत नाही हेच भयंकर होतं, शुगरने पाय बधिर झाला होता, हे मला फोनवर कळलं असतं, पण तू ते सांगितलंसच तीन आठवड्यांनी. पाय काढावा लागला आणि त्यानंतर महिनाभरही तू राहिली नाहीस. गावात अजून म्हणतात, बाई खुरप्याच्या जखमेने गेल्या. मीही तेच म्हणत आले.

परवा सेक्रेटरीबाई पानं घ्यायला घरी आल्या. मी चहा ठेवला. त्यांनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी काढून दाताने मधोमध तोडली, अर्धी पाण्याबरोबर घेतली आणि अर्धी रुमालाच्या टोकाला बांधली. शुगरची गोळी होती, मी बघताक्षणी ओळखली.

मी म्हणाले, "अर्धी का?"

"बाईंनीच शिकवलंय की. अर्धी गोळी अन् अर्धं कारलं. बाई म्हनायच्या, गोळी बी पुरवून खावी. आमी चौघी-पाचजणी तसंच करतो." मग हसून म्हणाल्या, "ते बी लिवा हं पुस्तकात. बाईंची खास युक्ती हाय ती."

मी त्यांना सांगितलं की गोळी पूर्ण घ्या, डॉक्टर सांगतील तेवढी, कारलं हवं तर भाजीत खा. जरा मोठ्यानेच बोलले असेन. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, "मंग बाईंना तुमी कधी बोलल्या न्हाई का? तुमी तर नर्स."

मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

आई, मला माहीत होतं. तू जायच्या आधीच्या नाताळातली गोष्ट. त्या पावसाळ्यात मी तुझ्यासाठी वॉशिंग मशीन पाठवलं होतं. पहिल्या मोठ्या पगारवाढीचा पैसा होता, आणि तुझे ते गार पाण्याने भेगाळलेले हात मला बघवत नव्हते. नाताळात घरी आले तर मशीन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वायर गुंडाळून वर रबर लावलेलं. झाकण उघडलं तर आत गळ्यापर्यंत कांदे. तू कौतुकाने म्हणालीस, "लई ब्येस हाय गं. भोकं हायेत, वारा लागतो, एक कांदा नासला न्हाई. धुनं कशाला त्यात, साबनाचं पानी झाडं मारतं." मी मशीनचं झाकण लावलं. करंज्यांसाठी वेलदोडे शोधायला फळीवरचा डबा काढला, आणि त्यात अर्ध्या अर्ध्या गोळ्या होत्या. सुरीने नीट कापलेल्या, कागदाच्या पुड्यांत बांधलेल्या, बी ठेवायचीस तशा. मी पाठवलेल्या कितीतरी महिन्यांच्या गोळ्या त्यात शिल्लक होत्या. तू पाठमोरी सारण परतत होतीस.

मला एका वाक्यात सांगता आलं असतं. तू ओरडली असतीस, शेवग्याचा दाखला दिला असतास, आणि कदाचित ऐकलंही असतंस, कारण शेवटी शेवटी तू माझं थोडं ऐकायला लागली होतीस. पण मला त्या कांद्यांचा राग आला होता. आठवीतल्या आडोशाचा, पोत्याचा, जून दोडक्यांचा, सगळ्याचा राग त्या एका मशीनपाशी येऊन उभा राहिला. मी मनात म्हणाले, जाऊ दे, हिला सगळं कळतं ना, मग पुरवून खाऊ दे. डब्याचं झाकण लावलं, डबा जागेवर ठेवला आणि वेलदोडे सापडले नाहीत म्हणून सांगितलं. एप्रिलमध्ये तुला खुरपं लागलं.

पुस्तिका आज पूर्ण झाली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात घातलंय की शुगरची गोळी कधीही अर्धी करू नये, बाईंनी केली ती चूक होती. सगळी चूक तुझ्या नावावर टाकली आहे, आई. माझं त्यात एक अक्षर नाही.